आठशे मीटर, मुली

३ मार्च

प्रिय कन्येस,

आईच्या निधनानंतर तू पाठवलेला तीन ओळींचा निरोप मला सहा फेब्रुवारीला मिळाला. पोच देण्यास विलंब झाला, याबद्दल दिलगीर आहे. अंत्यविधीला तू का आली नाहीस, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. अंतर मोठे आहे, तुझ्या दवाखान्यातून ऐनवेळी रजा मिळणेही कठीण असेल. या दोन्हींपेक्षा मोठे कारण आपणा दोघांना ठाऊक आहे.

पत्राचे प्रयोजन असे की, शाळेचे नवे मुख्याध्यापक परवा घरी येऊन गेले. तरुण आहेत, बोलणे अदबीचे आहे. तुझ्या आईला निवृत्त होऊन दोन वर्षे झाली आणि ते आले गेल्या वर्षी, त्यामुळे त्यांनी तिला पाहिलेले नाही. मात्र ‘शिट्टीबाई’ हे नाव शिपायापासून सर्वांच्या तोंडी असल्याने तेच खरे आडनाव असावे, असा त्यांचा समज झाला होता. मी तो दुरुस्त केला. दोन एप्रिल रोजी सायंकाळी पाच वाजता शाळेत तिच्या स्मरणार्थ सभा होणार आहे. त्यानिमित्ताने जिन्याजवळचा विक्रमफलकही नवा करण्याचे त्यांच्या मनात आहे.

तो हिरवा लाकडी फलक तुला आठवत असेलच. चोवीस ओळी आहेत. तेवीस ओळींमध्ये नाव, वेळ किंवा अंतर, आणि वर्ष, सर्व तिच्याच हातचे, पांढऱ्या रंगात. चोविसाव्या ओळीत ‘आठशे मीटर, मुली’ एवढेच लिहिलेले आहे. पुढे काही नाही. येथे काय लिहायचे, असे मुख्याध्यापकांनी मला विचारले. कारण शाळेच्या स्पर्धांच्या नोंदी प्रारंभापासून माझ्याकडे आहेत. मी त्यांना म्हणालो, मुलीला विचारून सांगतो.

तुझी वेळ आजही शाळेची सर्वोत्तम वेळ आहे. बावीस वर्षांत कोणी तिच्या दहा सेकंद जवळही आलेले नाही. ती फलकावर असावी, हे माझे मत मी तुझ्या आईजवळ दरवर्षी वार्षिक स्पर्धांच्या आदल्या दिवशी मांडत असे. तिचे उत्तर दरवर्षी एकच असे. “पेंट संपलाय, अहो.”

त्या रिकाम्या ओळीचा तू जो अर्थ घेतलास, तो कोणीही घेतला असता. निवड चाचणीत तू दोन दशांश सेकंदांनी मागे राहिलीस. प्रशिक्षक या नात्याने तिला अर्ध्या तासाच्या आत हरकत घेता येत होती, ती तिने घेतली नाही. वर फलकावर तुझे नावही लिहिले नाही. त्या संध्याकाळी तू तिला विचारलेस, “तू बोलली का नाहीस? अर्धा तास होता तुझ्याकडे.” हे मी शेजारच्या खोलीतून ऐकले. दुसऱ्या दिवसापासून तू बूट घातले नाहीस आणि वर्षभराने घर सोडलेस. तुम्हां दोघींच्या त्या वादात मी कधी पडलो नाही. आता पडत आहे तो एवढ्यासाठीच, की तू तिला उशिरा का होईना क्षमा करावीस. दोन एप्रिलला पुढच्या रांगेत तुझी खुर्ची असावी, अशी माझी इच्छा आहे. येणे अशक्य असल्यास चार ओळी पाठव. मी वाचून दाखवीन.

आजारपणाविषयी तू विचारले नाहीस, तरी कळवतो. हृदयाची झडप निकामी झाली होती. आठ महिने गेले. रुग्णालयातील परिचारिका पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणत असे. तुझ्या आईने तिला तिसऱ्या दिवशी सांगितले, “बाई, आळस करू नका. पूर्ण मिनिट मोजा. शेवटच्या पंधरा सेकंदांतच माणूस कळतो.” पुढे त्या मुलीने तिची नाडी नेहमी पूर्ण मिनिट मोजली. शेवटच्या आठवड्यात ती फार बोलत नसे. एका सकाळी मी गोळी पुढे केली तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “नक्की ना?” मी औषधाची चिठ्ठी पुन्हा तपासली आणि सांगितले, “नक्की.” आमचे शेवटचे पुरे बोलणे ते एवढेच.

तुझे वडील


२० मार्च

प्रिय कन्येस,

तुझे उत्तर आलेले नाही. टपालाला लागणारे दिवस मी हिशेबात धरले आहेत, तेव्हा हे पत्र तगादा समजू नये.

शाळेतील तुझ्या आईचे कपाट रिकामे करून देण्याची विनंती झाली, म्हणून मंगळवारी गेलो होतो. कारकून सोबत होते. तुला चिंच गोळ्या देणारे तेच, आता त्यांचे केस पूर्ण पिकले आहेत. कुलूप उघडताना म्हणाले, “साहेब, ह्या कपाटात बाईंचा अर्धा जीव आहे. उरलेली नुसती धूळ.” वरच्या दोन फळ्यांवर बूट होते, मापाप्रमाणे लावलेले. ज्या मुलीकडे बूट नाहीत तिला ते द्यायचे, पण देताना “हे जरा चालवून बघ, मला कंपनीला कळवायचंय” असे सांगायचे, ही तिची रीत. ती कोणत्या कंपनीला काय कळवत असे, हे मी एकदा विचारले होते. तिने मला, वजनमापे खात्याच्या निरीक्षकाला, असे काही पाहिले की मी पुन्हा विचारले नाही. खालच्या फळीवर शिट्ट्या, दोऱ्या, मोजपट्टी, पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि तेहेतीस वह्या. वर्षाला एक वही. डबा मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. वह्या दोन फेऱ्यांत आणल्या.

त्या मी पहिल्या वर्षापासून क्रमाने वाचत आहे. नवव्या वहीपर्यंत आलो आहे. मुद्दाम सावकाश वाचतो.

मला वाटले होते की या वह्यांत वेळा असतील. वेळा आहेत, परंतु थोड्या. अधिक आहे ते असे: ‘लांब उडीवाली आज उपाशी आली. दुसऱ्या फेरीत कळलं.’ ‘भाल्याचा हात दुखतो म्हणते. हात नाही, घर दुखतंय.’ ‘जाडीला आज कुणी जाडी म्हणालं नाही. चार सेकंद कमी.’ एखाद्या पानावर नुसतेच, ‘पडली. आपण उठली.’ तेहेतीस वर्षांत तिने एकही खेळाडू फार वरपर्यंत नेला नाही. जिल्ह्याच्या पुढे गेलेल्या तिघीच. चौथी तू असतीस. शाळेला ढाली मिळाल्या नाहीत, म्हणून तीन मुख्याध्यापकांनी तिला समज दिली. एक तर म्हणाले होते, “बाई, तुम्ही मुलींना पळवता की नुसतं पळू देता?” ती म्हणाली, “सर, फरक कळला की सांगते.”

दर रविवारी सकाळी ती एकटीच मैदानावर जाऊन लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू उकरत असे. रविवारी सराव नसे, तरी तासभर लागे. मी कारण विचारले की म्हणे, “वाळू बसते.” निवृत्तीनंतरही हा क्रम चुकला नाही. आजारपणात जाता येईना, तेव्हा रविवारी सकाळी ती मला लिंबे आणायला पुलापलीकडच्या दुकानात पाठवी. अलीकडची लिंबे सुकी असतात म्हणे. मी दोन्हीकडची तोलून पाहिली होती. फरक नव्हता. तरी गेलो.

तू उत्तर देत नाहीस त्या अर्थी त्या दिवसाच्या निर्णयाविषयी तुझ्या मनात अजून किंतु असेल. तेव्हा नियम काय होता, हे एकदा लिहून ठेवतो. तीन घड्याळे असतील तर मधली वेळ धरतात. दोन असतील तर त्यांतील संथ वेळ. त्या दिवशी तिसरा वेळाधिकारी आला नव्हता. पहिले घड्याळ पलीकडच्या शाळेतील क्रीडाशिक्षकांकडे, दुसरे माझ्याकडे. शर्यतीत माझी मुलगी आहे, हे मी आयोजकांना आधीच लेखी कळवले होते. ते हसले. “तुम्ही आहात म्हणूनच तर निर्धास्त आहोत,” म्हणाले. निवासी क्रीडा केंद्रात निवड होण्यासाठीची मर्यादा दोन मिनिटे सोळा सेकंद. शिक्षकांच्या घड्याळात पंधरा पूर्णांक आठ. माझ्या घड्याळात सोळा पूर्णांक दोन. संथ वेळ माझी, म्हणून अधिकृत वेळ माझी. माझ्या घड्याळात सोळा पूर्णांक दोन होते, हे सत्य आहे. या वाक्यात एकही अक्षर खोटे नाही.

तुझे वडील


४ एप्रिल

प्रिय कन्येस,

सभा झाली. खुर्च्या एकशे वीस मांडल्या होत्या. माणसे एकोणीस आली, त्यांत ध्वनिक्षेपकवाला धरला आहे. मुख्याध्यापकांनी सांगितले की बाईंनी या शाळेत व्हॉलीबॉलची परंपरा रुजवली. तिने आयुष्यात त्या चेंडूला हात लावला नव्हता. मी उठून दुरुस्ती करणार होतो. उठलोही. मग पुढची खुर्ची सरळ केली आणि बसलो.

मागच्या दाराने एक बाई गणवेशात आली. बस चालवते. बस चुकीच्या थांब्यावर उभी करून आल्याचे तिनेच सांगितले. प्रवासी भोंगा वाजवत होते ते सभागृहात ऐकू येत होते. ती म्हणाली, “बाईंनी मला कधी जिंकवलं नाही. मी पडायचे. मी पडले की बाई आधी घड्याळ बंद करायच्या, मग धावत यायच्या. मी एकदा विचारलं, आधी मला उचला ना. तर म्हणाल्या, तू पडलेला वेळ तुझ्या नावावर का लावू?” एवढे बोलून ती बस घेऊन निघून गेली. तिची वही अकरावी. तिच्या नावापुढे प्रत्येक वेळेसोबत लिहिले आहे: ‘पडण्याचे वजा.’

तेराव्या वहीपर्यंत मी आता आलो आहे.

खरे म्हणजे सव्वीस मार्चलाच आलो होतो. आठवडाभर ती वही मी उघडली नाही. सभेहून परतल्यावर उघडली. तुझ्या चाचणीच्या दिवसाचे पान असे आहे. वर तारीख. खाली तिच्या स्वतःच्या घड्याळातील वेळ, दोन मिनिटे पंधरा पूर्णांक सात. प्रशिक्षकाचे घड्याळ ग्राह्य धरत नाहीत, म्हणून ती वेळ कोठेही मोजली गेली नाही. त्याखाली शिसपेन्सिलीने चार शब्द आहेत.

‘ह्यांनी सुईकडे पाहिलं ना.’

मैदानावर ती तुला सुई म्हणत असे, आणि मी घरात त्या नावाला हरकत घेत असे.

आता ते लिहितो, जे मागील दोन पत्रांत लिहिले नाही. वेळाधिकाऱ्याने धावणाऱ्याकडे पाहायचे नसते. त्याने रेषेकडे पाहायचे असते. कोण येत आहे, हे त्याला ठाऊकही नसावे; एक छाती रेषेवर येते आणि अंगठा दाबला जातो, एवढेच त्याचे जग. मी हे नव्या वेळाधिकाऱ्यांना शिकवत असे. एकोणीस वर्षे मी स्वतः त्यात चुकलो नाही. त्या दिवशी शेवटच्या सरळ पट्ट्यावर तू बाहेरच्या बाजूने पुढे आलीस आणि मी मान वर केली. तू हसत होतीस. शर्यतीच्या शेवटी हसणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. आपण पोहोचलो, हे तुला कळले होते. मी तुझ्या तोंडाकडे पाहत राहिलो आणि तू रेषेच्या पुढे गेलीस. मग अंगठा दाबला.

दोन सरावलेल्या हातांत चार दशांशांचा फरक पडत नाही. पलीकडचे शिक्षक माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात तुझी आई टेबलाजवळ आली. तिने दोन्ही कागद पाहिले. मग हलकेच, फक्त मला ऐकू येईल असे विचारले, “नक्की ना?”

मी म्हणालो, “नक्की.”

मला बोलता आले असते. माझे घड्याळ बाद धरा, माझी नजर हलली, एवढे एक वाक्य. मग फक्त शिक्षकांचे घड्याळ उरले असते आणि तू निवडली गेली असतीस. मात्र लोक म्हणाले असते, बापाने पोरीला आत ढकलली. ज्याच्या शिक्क्यावर बाजारपेठ चालते त्याचा काटा घरच्या माणसासाठी झुकला. खरे बोललो असतो तर लबाड ठरलो असतो. म्हणून खोटे बोलून प्रामाणिक राहिलो. गावभर राहिलो. आजतागायत आहे.

ती हरकत घेऊ शकली असती. हरकत घेतली की मला सहीनिशी विचारले गेले असते. मी तेथेही ‘नक्की’ म्हणालो असतो, हे तिने ओळखले. म्हणून तिने ते पोटात घातले. तुझा राग स्वतःवर घेतला आणि मला शेजारच्या खोलीत बसू दिले. फलकावर सोळा पूर्णांक दोन लिहायला तिचा हात धजावला नाही. पंधरा पूर्णांक आठ लिहिले असते तर मला उघडे पाडल्यासारखे झाले असते. त्या रिकाम्या ओळीत तू नव्हतीस, मी होतो. आणि मी दरवर्षी तिला ती ओळ भर म्हणून सांगत होतो.

शेवटच्या आठवड्यात तिने गोळीविषयी विचारलेच नव्हते. हे मला परवा, तेरावी वही हातात असताना कळले.

क्षमा तिच्यासाठी मागितली होती. ती मागणी मी मागे घेतो. तिचा काही अपराध नव्हता.

तुझे वडील


२२ एप्रिल

प्रिय कन्येस,

मी स्वस्थ बसलेलो नाही, एवढे कळावे म्हणून हे लिहितो.

सोमवारी क्रीडा संघटनेच्या कार्यालयात जाऊन लेखी निवेदन दिले. चिटणीस माझ्यापेक्षा वयाने लहान, माझ्याच हाताखाली घड्याळ धरायला शिकलेले. त्यांनी निवेदन दोनदा वाचले, दार लावून घेतले आणि चहा मागवला. म्हणाले, “साहेब, पलीकडचे सर वारले. बाई गेल्या. कागद तुमच्या सहीचा. आता तुम्हीच म्हणता सही चुकीची. मग तुम्ही लावलेल्या बाकीच्या तीनशे शर्यतींचं काय करू? त्या पण उघडू? त्यातल्या हरलेल्या पोरी शोधत फिरू?” मी म्हणालो, उघडा. ते म्हणाले, “तुम्ही दमलायत. हे पोटातच ठेवा.” निवेदन त्यांनी घडी घालून माझ्या खिशात परत ठेवले. चहा चांगला होता.

तेथून शाळेत गेलो. निदान फलकावर वेळ खरी लागावी, हा हेतू. जिन्याजवळची भिंत मोकळी होती. फलकाच्या जागी काचेचा पडदा बसवत होते. त्यावर विक्रम फिरते दिसणार आहेत. मी मुख्याध्यापकांना सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि संघटनेचा कागद असल्याशिवाय वेळ बदलता येणार नाही, असे सांगितले. ते बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही तेच सांगितले असते. मग ओळ रिकामी ठेवा, अशी विनंती केली. संगणकावर बसलेली मुलगी म्हणाली, “आजोबा, रिकामी ओळ सिस्टीम घेत नाही. एरर येते.” तिला काही तरी भरणे भाग होते. जुन्या फलकावर नाव नसल्याने तुझा विक्रम नाही असे धरून तिने यादीतील पुढची वेळ घातली. दोन मिनिटे एकतीस. मुलीचे नाव मी ओळखतो. साधी, कष्टाळू मुलगी होती. तिच्यावर माझा राग नाही.

कागदावरची तुझी चुकीची वेळ तरी तुझी होती. आता तीही नाही.

मैदानाचा अर्धा भाग गाड्या उभ्या करण्यासाठी आखून दिला आहे. उडीचा खड्डा बुजवला. खेळाचे तास आठवड्याला चारावरून एक झाले आणि तो एकही संगणकाच्या वर्गाला उसना दिला जातो, असे कारकून म्हणाले. तुझ्या आईच्या जागी कोणाला नेमलेले नाही. नेमणार नाहीत. तेहेतीस वर्षे पुसायला अडीच महिने लागले. हे मी तक्रार म्हणून नोंदवत नाही, मोजमाप म्हणून नोंदवतो.

जुना फलक मागच्या अंगणात मोडक्या बाकांवर टाकला होता. मी मागितला. कारकुनांनी रिक्षा बोलावून दिली. दोघांनी मिळून तो वर आणला. आता तो झोपण्याच्या खोलीत तिच्या पलंगाकडील भिंतीला टेकवून ठेवला आहे. पलंग थोडा सरकवावा लागला.

तू उत्तर देऊ नकोस, असे मी म्हणत नाही.

तुझे वडील


१७ मे

मुली,

तुझे पत्र काल मिळाले. सातवीत असताना होते तसेच अक्षर आहे, डावीकडे झुकलेले. मी ते इतक्या वेळा वाचले आहे की तुला तुझेच शब्द उलट सांगू शकेन. सांगतोच, मला ते नीट समजले किंवा कसे, हे तुला तपासता यावे.

तू लिहितेस, “बाबा, मी रेषा ओलांडली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात. अंगठा नंतर हलला. मी ते बघितलं. मला त्याच क्षणी कळलं होतं, आईच्याही आधी.”

तू लिहितेस की त्या संध्याकाळी तू आईला विचारलेस, तू बोलली का नाहीस, ते मोठ्याने विचारलेस, कारण शेजारच्या खोलीत मी होतो. तो प्रश्न भिंतीसाठी होता. मी भिंतीपलीकडे बसून तो तिचा समजलो.

तू लिहितेस की तुझे आईशी भांडण कधी नव्हतेच. दर रविवारी सकाळी नऊ वाजता ती मैदानावरून फोन करी. वाळू हा बहाणा होता. लिंबेही. तू घर सोडल्यापासून एकवीस वर्षांत एक रविवार चुकला नाही, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवताना तू एकच विचारायचीस. “बाबा काही बोलले का?” आणि ती म्हणायची, “अजून नाही.”

‘नाही’ असे ती कधी म्हणाली नाही, हेही तू लिहिले आहेस. ‘अजून नाही.’

ओळीविषयी तू तिला विचारले होतेस. ती म्हणाली होती, “राहू दे. ते बोलले की त्यांच्याच हातानं भरून घेईन.” म्हणजे ती ओळ शिक्षा नव्हती, आणि मला वाटले तसे मला झाकणेही नव्हते. तिने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, गर्दीत रुमाल टाकून ठेवतात तशी. मी दरवर्षी तिच्यासमोर उभा राहून ती भरायला सांगत असे. तेव्हा ती माझ्याकडे पाहत थांबत असे. मी रंगाविषयीच बोलत आहे, अशी खात्री पटली की म्हणे, पेंट संपलाय.

शेवटी लिहिले आहेस, “तुम्ही मला सांगितलंत, बरं झालं. पण मला माहीत होतं. ज्याला सांगायचं ते माणूस गेलं. ती होती तोवर त्या घरात येण्यासारखं काही घडेल असं वाटायचं. आता येऊन मी काय करू? पुन्हा पत्र लिहू नका.”

तुझ्या म्हणण्यात मला एकही चूक आढळली नाही. तरी हे एक पत्र लिहीत आहे. उत्तर मागणारे नाही, म्हणून नियमात बसावे.

तो पांढऱ्या रंगाचा डबा आज उघडला. इतकी वर्षे पडून रंग दगड झाला असेल, असे मी धरून चाललो होतो. झाकण सहज निघाले. रंग ओला होता. डब्याच्या तळाशी तारीख आहे, गेल्या वर्षीची. वाळला की ती नवा आणून ठेवत असावी. किती डबे झाले असतील, हे मोजायला आता काही साधन नाही.

मी फलकासमोर खुर्ची ठेवली. तुझे नाव लिहिले. तिच्या अक्षरासारखे आले नाही, पण सरळ आले. वेळेपाशी थांबलो. तिच्या घड्याळात पंधरा पूर्णांक सात होते, पण ते अधिकृत नाही. माझे बाद. उरते ते एकच. दोन मिनिटे पंधरा पूर्णांक आठ, असे मी लिहिले, आणि वर्ष घातले.

ब्रश धुवायच्या आधी मी तिच्या पलंगाकडे वळून जरा थांबलो.

रंग वाळायला चार तास लागतात, असे डब्यावर छापले आहे. दोन झाले. मी अजून समोर बसलो आहे. नक्की ना, असे कोणी विचारलेले नाही.

बाबा